ट्रॅक्टर आत, गाडी बाहेर

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या नॉर्थ शाफ्ट गावात माणूस जिवंत आहे की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत. त्याच्या दारातला बर्फ कोण काढतं, यावरून ते ठरतं. स्वतः काढत असेल तर जिवंत. दुसरा कुणी येऊन काढून जात असेल तर तो गेल्यातच जमा, फक्त चर्चला कळवायचं राहिलंय एवढंच. अशा माणसाच्या घरी शेजारणी झाकलेली भांडी घेऊन येतात, त्याच्याशी मोठ्यांदा आणि सावकाश बोलतात, आणि बायकोला बाजूला घेऊन विचारतात, "आता कसं आहे यांचं?"

गेल्या फेब्रुवारीत माझ्या छातीत कळ आली आणि मला हॉस्पिटलात नेऊन आडवं केलं. तिथले डॉक्टर म्हणजे काल मिसरूड फुटलेलं पोर. म्हणाले, "मिस्टर हुट्टुला, आता फावडं बंद. कायमचं." मी जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवलेला माणूस आहे, प्रश्नात विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. फावडं बंद म्हणजे फावडं बंद. ट्रॅक्टरबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं धूड नव्हे. बागेतला, बसून चालवायचा, उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायचं पातं आणि हिवाळ्यात तोंडाला बर्फ उडवायचा ब्लोअर लावायचा असा. जुना आहे. असा ट्रॅक्टर करणारा कारखाना बंद पडला, तो विकत घेणारा कारखानाही बंद पडला, आमचा ट्रॅक्टर चालू आहे. थंडी पडली की त्याच्या इंजिनाखाली मी एक छोटा विजेचा हीटर लावून ठेवतो, कारण गारठ्यात जुन्या इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं. आमचं गॅरेज एका गाडीचं. त्यात ट्रॅक्टर, ब्लोअर, चाकांच्या साखळ्या आणि मागे लावायची लोखंडी वजनं एवढा संसार मावला की इर्माच्या गाडीला जागा उरत नाही. ती बाहेर उभी असते. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलंय, आणि चालत आलेलं असतं ते बरोबरच असतं अशी माझी समजूत होती.

ऑक्टोबरात एकदा कॉफी आणि वेलदोड्याचा पाव समोर ठेवून इर्मा म्हणाली, "वायनो, यंदा पहिला खरा बर्फ पडेल त्या दिवशी तुझं ते धूड चाललं तर ठीक. नाही चाललं तर मी व्हर्नरला सांगणार. आणि ते गॅरेजातून जाणार."

"व्हर्नरला काय सांगणार?"

"आपला बर्फ काढायला."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. व्हर्नर हा इर्माचा धाकटा भाऊ. तो ज्या धंद्यात पडला तो धंदा पडला. गालिचे धुवायचे झाले, मधमाश्या झाल्या, आता त्याने हप्त्यावर एक दांडगा ट्रक घेऊन पुढे बर्फ ढकलायचा नांगर बसवला होता आणि दारावर स्वतःचं नाव लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं. तो ट्रक माझ्या दारात उभा राहणार, ती लाल अक्षरं सगळी आळी वाचणार, आणि मी खिडकीच्या आत पांघरूण घेऊन बसणार! त्यापेक्षा देवाने मला फेब्रुवारीतच का नाही नेलं?

"चालेल," मी म्हटलं. "ट्रॅक्टर चालेल, असं म्हणतोय."

नोव्हेंबर लागताच मी गॅरेजचं दार उघडून कामाला लागलो. इथेच पहिली चूक झाली. आमच्याकडे उघडं गॅरेज हे आमंत्रण समजतात. कुणाच्या घरी बारसं असलं तर लोक विचारून येतील, पण गॅरेजचं दार अर्धं वर गेलेलं दिसलं की आपापला कॉफीचा मग घेऊन सरळ आत. रीत अशी, की मग हातातून खाली ठेवायचा नाही. मग खाली ठेवला तर हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाले तर मदत करावी लागते.

डावीकडचा ऑन्नी रुओना सगळ्यांत आधी आला. तो आयुष्यभर विमा विकत होता, त्यामुळे त्याला प्रत्येक यंत्रात मरण दिसतं.

"मास्तर, उन्हाळ्यातलं पेट्रोल तसंच ठेवलं होतंत ना टाकीत?"

"हो."

"मग कार्बोरेटर गेला." त्याने कॉफीचा घोट घेतला. "चिकटा धरला असणार आतून. माझ्या चुलतभावाचा असाच गेला."

"कार्बोरेटर?"

"नाही, चुलतभाऊ. पण सुरुवात कार्बोरेटरपासून झाली."

समोरची डेल्फीन ट्रूडो आली. ही बाई देवभक्त कॅथलिक. तिने अंगणात एक जुना बाथटब अर्धा जमिनीत पुरून उभा केलाय आणि त्याच्या कोनाड्यात मेरीमातेची निळी मूर्ती ठेवलीय. डेल्फीन म्हणाली, "बर्फ उडवायच्या नळकांड्याला आतून स्वयंपाकाचं तेल लावा, मिस्टर हुट्टुला. बर्फ चिकटत नाही. आणि एक प्रार्थना म्हणा."

"आम्ही लूथरपंथी. आम्ही प्रार्थनेऐवजी मेणाचा फवारा मारतो."

मी असं बोलायला नको होतं, हे पुढे कळलं.

कार्बोरेटर खरंच चिकटला होता. मी तो उघडला, धुतला, पुसला, आणि परत जोडताना एक स्प्रिंग उडून कुठे गेली ती सापडेना. मी पासष्टी ओलांडलेला, हृदयाला जाळी बसवलेला माणूस, गॅरेजच्या थंड फरशीवर पालथा पडून स्प्रिंग शोधतोय, आणि माझ्या डोक्याच्या वर दोन मग वाफाळतायत. ऑन्नी म्हणतो, "तिकडे गेली असेल." डेल्फीन म्हणते, "इकडे गेली असेल." उंटावरून शेळ्या हाकणारे आम्हांला गावोगाव शोधायला नकोत, आमच्या आळीत ते पायी येतात. शेवटी स्प्रिंग माझ्याच स्वेटरच्या बाहीत सापडली. ऑन्नी म्हणाला, "मी म्हणणारच होतो."

ट्रॅक्टर सुरू झाला. काळा धूर काढत, दम्याच्या रोग्यासारखा खोकत, पण सुरू झाला. इर्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने पडदा ओढला.

आता ब्लोअर लावला की झालं. ब्लोअरच्या आत एक मोठं स्क्रूसारखं फिरणारं पातं असतं, ते बर्फ गिळतं आणि नळकांड्यातून लांब फेकतं. पातं दांड्याला जोडायला एक नरम बोल्ट लागतो. मुद्दाम नरम. पात्यात दगड-लाकूड अडकलं की बोल्टाने तुटायचं आणि बाकीचं यंत्र वाचवायचं, घरातल्या फ्यूजसारखं. दरवर्षी मी दोन-चार बोल्ट आणून ठेवतो. यंदा फेब्रुवारीनंतर माझ्या हातून काही आणलं गेलं नव्हतं. म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तर दाराला पुठ्ठा लटकवलेला: "हरणांना गेलोय."

आमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांची शिकार उघडते. मग गावात पुरुष म्हणून औषधालासुद्धा मिळत नाही. न्हावी रानात, दाताचा डॉक्टर रानात, पाद्रीसुद्धा रविवारचं प्रवचन आटोपतं घेऊन रानात. पाईप फुटला तर पाणी हातात धरून बसायचं. मी बंदूक धरत नाही, कारण मला प्राण्यांपेक्षा माणसांचाच राग जास्त येतो. पण ही कुठली रीत? बर्फ तोंडावर आलाय, आख्खं गाव शिकारीचे नारिंगी कपडे घालून झाडावर बसलंय, आणि एका जबाबदार माणसाला एक बोल्ट मिळत नाही!

ऑन्नी गुडघ्यामुळे शिकारीला गेला नव्हता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तो खिशातून एक चकचकीत बोल्ट काढून म्हणाला, "घ्या. ट्रकच्या धुऱ्याचा आहे. पोलाद. जन्मात तुटणार नाही."

"ऑन्नी, तो तुटायलाच हवा. त्यासाठीच तो असतो."

"तुटणारी वस्तू मुद्दाम कोण लावतं, मास्तर? म्हणूनच तर तुमचं दरवर्षी तुटतं!"

आता खरं सांगायचं तर मला सगळं ठाऊक होतं. पण त्या दिवशी सकाळी व्हर्नर येऊन गेला होता. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या माझ्या गाडीवाटेच्या दोन्ही कडांना त्याने लाल टोपीच्या काठ्या ठोकल्या होत्या, नांगर चालवताना कडा दिसाव्यात म्हणून. माझ्या जमिनीत! "बहिणीने सांगितलंय असं नाही," तो म्हणाला, "पण तयारी असलेली बरी. तू आता दमू नकोस, वायनो." हे तो मोठ्यांदा आणि सावकाश म्हणाला. मी पोलादी बोल्ट घेतला आणि पिळला.

चाचणीला पाच बोटं बर्फ पडला. पोराटोरांनी पायाने उडवावा इतकाच, पण मला धीर नव्हता. ट्रॅक्टर बाहेर काढला. ऑन्नी कॉफीचा मग घेऊन उभा. ब्लोअर सुरू केला आणि नळकांड्यातून पांढरा फवारा उडाला, काय सांगू! ऊर भरून आला. ऊर भरून येऊ नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी आला. फक्त एक गोष्ट. नळकांडं वळवायचा दांडा गंजला होता, त्यामुळे ते रस्त्याकडेच तोंड करून बसलं होतं, आणि फवारा रस्ता ओलांडून सरळ डेल्फीनच्या अंगणात पडत होता. बाथटबमध्ये.

डेल्फीन घरातल्या सपातांनिशी बाहेर आली. "मिस्टर हुट्टुला! आईला पुरताय तुम्ही! आईला!"

मेरीमाता नाकापर्यंत बर्फात गेली होती. मी डेल्फीनकडे बघून हातवारे करू लागलो की दांडा वळत नाही, हेतू नाही, धर्माचा काही संबंध नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच. पुढे बघायचं राहिलं. बर्फाखाली दर आठवड्याचं जाहिरातींचं फुकट वर्तमानपत्र पडलेलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, गोठून दगड झालेलं. पात्याने ते गिळलं. असा काही आवाज झाला की ऑन्नीच्या हातातली कॉफी सांडली. पातं फिरवणारी साखळी तुटून बाहेर लोंबत होती. दात असलेलं चाक वाकलं होतं.

पोलादी बोल्टाला ओरखडासुद्धा नव्हता.

"बघितलंत?" ऑन्नी म्हणाला. "बोल्ट कसा टिकला!"

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आळीत ते अजून सांगतात, आणि दर वेळी त्यात एखाद्या शब्दाची भर पडते.

शिकार संपली, दुकान उघडलं. काउंटरवर लेस्टर पेल्टो. हा माझा विद्यार्थी. याने परीक्षेत आपलं सुपीरियर सरोवर टेक्सासमध्ये दाखवलं होतं. घराच्या खिडकीतून दिसणारं सरोवर! मी त्याला नापास केलं, आणि गावात राहायचं असेल तर कुणाला नापास करू नये हे मला निवृत्त झाल्यावर समजलं.

"सर, मॉडेल नंबर?"

मी सांगितला. त्याने कॉम्प्युटरवर बोटं चालवली, मान हलवली.

"हा ट्रॅक्टर नाहीये, सर."

"माझ्या गॅरेजात आहे."

"असेल. पण सिस्टिममध्ये नाही. सिस्टिम म्हणते असा ट्रॅक्टर कधी झालाच नाही." मग जरा सौम्य होऊन, मोठ्यांदा आणि सावकाश, "सर, खरं म्हणजे आता तुम्ही आराम करायला हवा. व्हर्नर चांगलं काम करतो म्हणे."

"लेस्टर, सुपीरियर सरोवर कुठे आहे?"

तो लाल झाला. मागे गेला आणि धूळ खात पडलेल्या खोक्यातून साखळीचा जोड, एक चाक आणि मूठभर नरम बोल्ट आणून काउंटरवर आपटले. माझा राग थोडा उतरला. गाव लहान असलं की एकेका माणसाला दोन-दोन नोकऱ्या कराव्या लागतात, हे मी विसरलो होतो. लेस्टर सकाळी दुकानात असतो आणि दुपारी टाउनशिपचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, नियम-अधिकारी. दुपारी तोच लेस्टर डोक्यावर वेगळी टोपी घालून माझ्या दारात उभा.

"मिस्टर हुट्टुला." आता सर नाही! "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. सार्वजनिक रस्त्यापलीकडे बर्फ टाकणे. नियमाने गुन्हा आहे."

"अरे, सकाळी तूच मला साखळी विकलीस!"

"ते दुकानाचं काम. हे टाउनशिपचं." त्याने कागद पुढे केला. "आणि तक्रारदार बाईंचं म्हणणं, यात धार्मिक आकस आहे."

"मेणाचा फवारा म्हटलं होतं मी! मेणाचा!"

"ते तुम्ही सुनावणीत सांगा."

इर्मा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

मग पुढचे दिवस मी दार लावून काम केलं. शेजारी काचेला नाक लावून बघत होते, बघू दे. साखळी जोडली, चाक बदललं, नरम बोल्ट लावला आणि पोलादी बोल्ट ऑन्नीच्या पत्रपेटीत टाकून आलो. नळकांड्याचा दांडा तापवला, ठोकला, तेल पाजलं, शेवटी शिव्या दिल्या तेव्हा फिरला. स्वयंपाकाचं तेलही लावलं आतून, कुणाला न सांगता. घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या चढवल्या, मागे वजनं लावली, इंजिनात हिवाळ्याचं पातळ तेल भरलं, खाली हीटर लावला. एवढं सगळं करताना छातीत एकदाही दुखलं नाही. दुखत होतं ते वेगळंच काहीतरी. मला गावाने काढून टाकलं होतं. मला न विचारता. मी नकाशावर होतो तिथून मला खोडून कुणीतरी दुसरीकडे दाखवलं होतं, आणि याचा मला इतका राग आला होता की रात्री दात आवळून झोपत होतो.

पहिला खरा बर्फ डिसेंबरच्या सुरुवातीला आला. सरोवरावरून वारा सुटला आणि रात्रभर पडत राहिला. सकाळी खिडकी उघडली तर इर्माची गाडी नुसता एक उंचवटा झाली होती. त्यातून सरकारी नांगर रस्ता साफ करून गेला आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आमच्या गाडीवाटेच्या तोंडाशी रचून गेला. कमरेएवढा बांध, आणि दगडासारखा घट्ट. हे लोक हे मुद्दाम करतात असं माझं मत आहे. नांगर चालवणारासुद्धा माझा विद्यार्थी आहे.

त्याच दिवशी दहा वाजता माझी तपासणी होती, हॉस्पिटलात.

"आठ वाजता व्हर्नर येतोय," इर्मा म्हणाली.

"कशाला? मी काढतोय ना!"

"नुसता बघायला येतोय. अट मोडत नाहीये मी."

मी गॅरेजात गेलो. किल्ली फिरवली. हीटरने ऊब दिलेलं इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. मी मोठ्यांदा हसलो, एकटाच.

आधी गॅरेजपुढचं काढलं. मग इर्माच्या गाडीभोवतालचं. मग गाडीवाट, एकेक पट्टा, नळकांडं आज्ञाधारकपणे माझ्याच बागेकडे वळवून. बर्फ कसा उडत होता! ऑन्नी दारात आला, मग घेऊन. डेल्फीन बाथटबच्या पुढे हात पसरून उभी राहिली, पण एक कण तिकडे गेला नाही. बांधापाशी आलो तेव्हा एकदा खाडकन नरम बोल्ट तुटला. मी खाली उतरलो, खिशातून दुसरा काढला, लावला, वर बसलो. इतकं साधं आहे हे! तुटायचं ते तुटू द्यावं.

एवढ्यात व्हर्नरचा ट्रक आला. मला बघून थांबावं की नाही? नाही. बहिणीपुढे ऐट दाखवायची होती. नांगर खाली टाकून त्याने रस्त्याच्या बाजूने बांधावर धडक मारली. बांध हलला नाही. ट्रक आडवा घसरला आणि दिमाखात रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसला, लाल अक्षरं आभाळाकडे करून.

व्हर्नर काच खाली करून म्हणाला, "वायनो, जरा बघतोस का?"

मी मोठ्यांदा आणि सावकाश म्हणालो, "तू दमू नकोस, व्हर्नर."

बांध फोडला. मग ट्रकच्या पुढचा, मागचा, चाकांभोवतीचा सगळा बर्फ उडवून दिला. व्हर्नर हळूहळू मागे घेत बाहेर आला, मान खाली घालून, आणि निघून गेला. आणि तेव्हा ऑन्नी रुओनाने, सबंध आळीसमोर, हातातला मग कुंपणाच्या खांबावर ठेवला. आमच्याकडे याहून मोठा मान नाही. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, तेवढी सवय कुणाला नाही, पण मग खाली ठेवला.

मी ट्रॅक्टर वळवला आणि स्वच्छ झालेल्या वाटेवरून राजासारखा घराकडे निघालो. गॅरेजपाशी आलो आणि थांबलो.

आत इर्माची गाडी होती.

मी साफ केलेल्या जागेतून, मी बांध फोडत असताना, तिने गाडी झाडली होती आणि आत नेऊन लावली होती. गाडीवाटेवरच्या आवाजात मला ऐकूही आलं नाही. ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

"इर्मा! हा विश्वासघात आहे! ट्रॅक्टर चालला की नाही?"

"चालला. छान चालला."

"मग अट?"

"व्हर्नर येणार नाही. अट पाळली मी."

"ट्रॅक्टर गॅरेजात राहील असं ठरलं होतं!"

"नाही चालला तर जाईल, असं ठरलं होतं. चालला तर राहील असं कोण म्हणालं?"

असली अक्कल मी वर्गात कौतुकाने ऐकली असती. आत्ता माझा आवाज चढला. "जुनं इंजिन आहे ते! थंडीत बाहेर राहिलं तर मरेल! तुला काय, नवी गाडी, किल्ली फिरवली की सुरू!"

इर्मा ओरडली नाही. तिचे ओठ पांढरे झाले.

"फेब्रुवारीत तू हॉस्पिटलात होतास," ती म्हणाली. "मी रोज पहाटे उठून गाडीची काच खरवडायचे. बोटं बधिर व्हायची. एकदा दार गोठून उघडेना, तर मी उकळतं पाणी ओतलं आणि मग रडत बसले पायरीवर. तू जिवंत असशील की नाही पोचेपर्यंत, मला माहीत नसायचं. आणि हे तुझं धूड आत. उबेत."

"मला तू सांगितलं नाहीस."

"तुला शुद्ध आली तेव्हा नर्सने तुला फोन दिला. मी घरी होते, कपडे घ्यायला आलेली. तू मला पहिलं काय विचारलंस, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

"हीटर चालू आहे ना," मी म्हटलं.

"हो. 'इर्मा, हीटर चालू आहे ना?' मी हो म्हटलं. आणि नंतर तू घरी येईपर्यंत मी रोज आधी गॅरेजात जाऊन तो चालू आहे का ते बघायचे, आणि मग बाहेर येऊन काच खरवडायचे." तिने एप्रनला हात पुसले. "चल. दहाची वेळ आहे."

मी ट्रॅक्टर बंद केला. खूप राग आला होता. इर्माचा, व्हर्नरचा, लेस्टरचा, हरणांचा, त्या फोन देणाऱ्या नर्सचा. हॉस्पिटलापर्यंत मी समोरच्या काचेतून बघत बसलो. गाडीची काच स्वच्छ होती आणि बसायची जागा कोरडी. तिथल्या त्या पोराने माझ्या छातीला नळी लावून विचारलं, "कुणावर चिडला आहात का?"

"हो."

"कुणावर?"

बाहेरच्या बाकावर इर्मा हातमोजे मांडीवर ठेवून बसलेली दारातून दिसत होती. मी त्याला म्हटलं, तुमचं काम करा.

घरी आल्यावर मी ट्रॅक्टर घराच्या आडोशाला नेऊन लावला, त्यावर ताडपत्री टाकली आणि दोऱ्यांनी आवळून बांधली. ऑन्नी बघत होता. "मास्तर, छप्पर घाला की एखादं. टाउनशिपची परवानगी लागेल, लेस्टरला विचारा." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत गेला. संध्याकाळी थंडी वाढू लागली. मी गॅरेजात गेलो. फरशीवर तेलाचे जुने डाग, आणि त्यांच्यावर इर्माची लहानशी हिरवी गाडी, वितळलेलं पाणी अंगावरून निथळत असलेली. हीटर कोपऱ्यात होता, वायर गुंडाळलेली. मग वायर सोडली, शिव्या देत गुडघ्यांवर बसलो, हीटर सरकवत सरकवत गाडीच्या इंजिनाखाली नेला आणि बटण दाबलं.

स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. कांदा परतल्याचा वास आला.

"वायनो? तिथे काय करतोयस?"

"काही नाही."

बहुतेक तिला हीटरचा लाल दिवा दिसला असावा गाडीखाली.

"हीटर चालू आहे ना?" तिने विचारलं.

"आहे!" मी खेकसलो.